पुरायची पुस्तकं

विद्यापीठातला हिब्रू आणि ज्यू इतिहासाचा विभाग बंद झाला. खोली आवरायला उरले सर आणि त्यांची एकुलती एक विद्यार्थिनी.

"सर, ही फाटकी पुस्तकं रद्दीत देऊन टाकू?"

"इतकं शिकवलं ते पालथ्या घड्यावर पाणीच की! देवाचं नाव असलेलं पुस्तक आमच्यात टाकत नाहीत गं. माणसासारखं पुरतात."

दफनभूमीत खड्डा खणता खणता सरांच्या पाठीचा काटा ढिला झाला. पुस्तकं आत ठेवून झाली, तशी त्यांनी पिशवीतून विभागाच्या दारावरची पाटी काढली आणि अलगद वर ठेवली.

"सर, हिच्यावर कुठंय देवाचं नाव?"

"नाहीये. माझं आहे," सर घाम पुसत म्हणाले. "लोट माती."