विमलताईंचं धावणं

सत्तरीतल्या विमलताई परुळेकर वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर धावून घरी आल्या, तेव्हा डॉक्टर तांडेल त्यांच्या नवऱ्याच्या, दत्तारामांच्या, खाटेशी बसल्या होत्या. पक्षाघाताने दत्तारामांचं निम्मं अंग लुळं पडलं होतं. विमलताईंच्या मनगटावरचा पट्टा त्यांच्या धावण्याची सगळी ताकद नवऱ्याच्या पट्ट्याकडे धाडत असे. गावात आता बरेचजण असं आपल्या आजारी माणसासाठी धावत.

"काकू, काकांच्या अंगात काहीच पोचलेलं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "त्यांनी स्वतःचा पट्टा पहिल्यापासून उलटा लावलाय. तुमची ताकद तुमच्याकडेच परत येतेय."

विमलताईंनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. त्यांच्या वयाच्या बायका काठी टेकत चालत होत्या आणि त्या स्वतः मात्र पन्नाशीच्या दिसत होत्या. असं का, हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता.

"अहो, का केलंत असं?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"लोक धावून धावून झिजतात, ते बघितलंय मी," दत्ताराम अडखळत म्हणाले. "माझ्यापायी तू झिजलेली मला बघवली नसती."

विमलताईंनी नवऱ्याचा पट्टा काढून सुलटा बांधला. दत्तारामांनी चांगल्या हाताने त्यांना अडवायला पाहिलं, पण त्या हातातही आता जोर उरला नव्हता. विमलताईंनी तो हात अलगद चादरीवर ठेवला आणि अंगावरचा घाम वाळायच्या आत त्या पुन्हा किनाऱ्याकडे धावत सुटल्या.