दुसरा काटा

टेकडीवर चढणारी लिफ्ट बंद पडली, तेव्हापासून वर राहणारा, पायांनी अधू ओस्मान खाली आलाच नव्हता. तरी दोघा दोस्तांचं रविवारचं जेवण चुकलं नव्हतं. वाल्पाराइसो बंदरावरच्या फ्रेसियाच्या खानावळीत एलादिओ खिडकीशी बसून चोरियाना मागवायचा: तळलेल्या बटाट्यांवर कांदा, मांस, अंडी, ताट एक, काटे दोन. एकट्यापुरती ती कुणी करतच नाही. टेकडीवरच्या आपल्या घराच्या निळ्या खिडकीतून ओस्मान आपला काटा उन्हात चमकवायचा आणि एलादिओ घास दाखवून म्हणायचा, “जळ लेका.” आज खिडकी बंद होती. “फोन उचलत नाहीत?” फ्रेसियाने विचारलं. “बहिरा आहे तो. झोपला असेल.” “जेवायच्या वेळी?” एलादिओ पायऱ्या चढू लागला; पहिल्याच वळणावर दम कोंडला, तसा परतला. “आचाऱ्याला वर पाठवलंय काका. बसा,” फ्रेसिया म्हणाली. ताट निवत होतं. दुसरा काटा खिडकीबाहेर काढून एलादिओ तो उन्हात चमकवत राहिला.