पहिली नळी

उद्धवरावांची नळी कोऱ्या चहासारखी काळपट झाली होती, आणि वासंतीला ते काही केल्या पटत नव्हतं.

यकृत धडधाकट असलं की रक्तात रसायन मिसळल्यावर नळीत पातळ मधासारखा रंग यायचा. जेवढं यकृत बिघडलेलं, तेवढी नळी गडद. आकडा काढायला यंत्र होतं, पण वासंतीला तो नुसत्या नजरेनं कळायचा. चिंचवड स्टेशनजवळच्या मुकुंद डॉक्टरांच्या दवाखान्यात ती दोन वर्षं रक्त तपासत होती. पिपेटच्या बारीक काचनळीतून तोंडाने रक्त ओढण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. चैत्रात एकदा कुणाचं तरी रक्त जिभेपर्यंत आलं, तेव्हा तिने खळखळून चूळ भरली आणि पुढची नळी उचलली.

तिने आकडा लिहिला. एकशे चाळीस. हवा होता चाळीसच्या आत.

मुकुंद डॉक्टरांनी कागदावरून मान वर न करता निकाल दिला, की गडी पितो.

उद्धवराव समोरच बाकावर होते. मूळचे बीडकडचे, आता थेरगावात एका खोलीत बिऱ्हाड. कारखान्यात सुट्या भागांवरचं तेल उग्र वासाच्या औषधात धुऊन काढायच्या टाकीवर त्यांची ड्यूटी. चार वर्षं दर सात महिन्यांनी कामावरून कमी होऊन, ब्रेक खाऊन, आता कुठे कायम व्हायचा कागद हातात आला होता. शनिवारी दुपारपर्यंत डॉक्टरांचा तब्येतीचा दाखला दिला नाही, तर ती जागा दुसऱ्याची.

त्यांनी गळ्यातली तुळशीची माळ चिमटीत धरली.

"ताई, आळंदीला माळ घातली त्याला अकरा वर्सं झाली," ते हळूच म्हणाले. "मी पितो असं आमच्या कारभारणीला, दुर्गाला सांगून बघा. हसून हसून मरंल ती."

वासंतीचा त्यांच्यावर विश्वास बसला. बसला म्हणजे बसलाच. आणि त्याच वेळी तिला आपली चूक आठवली.

रसायनाची नवी बाटली फोडली की पहिली नळी स्वतःच्या रक्ताची लावायची, हा तिचा नेम. नळी मधासारखी आली की बाटली चांगली. तिचा आकडा नेहमी अठरा नाहीतर वीस, त्यात कधी फरक नाही. आपलं रक्त म्हणजे या लॅबची फूटपट्टी, असं ती तोऱ्यात सांगायची. पण आज, सोमवारी, नवी बाटली फोडताना पोटात ढवळत होतं, आणि नेम राहून गेला.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, उद्धवरावांचं रक्त पुन्हा लावायच्या आधी तिने बाही वर केली. धोंडीबा कंपाउंडर सुई घेऊन आला, तिच्या हाताकडे बघून मिश्कील हसला.

"हळद उतरंना व्हय अजून, ताई?"

"नव्या नवरीची हळद आहे, धोंडीबा. सावकाश उतरेल."

माघात लग्न झाल्यापासून त्याची ही थट्टा चालूच होती. घरी वेगळीच थट्टा. फोडणीच्या वासानं वासंती पदर नाकाला लावायची, चार घासांत ताटावरून उठायची, जिना चढून आली की धाप टाकायची. सासूबाई, म्हणजे यशोदाबाई, काही विचारत नव्हत्या, पण कैरीच्या लोणच्याची बरणी रोज तिच्या पानाजवळ सरकवत होत्या. वासंती लाजून एक फोड उचलायची. अजून दोन आठवडे जाऊ देत, मग बघू.

अर्ध्या-पाऊण तासानं दोन्ही नळ्या तयार झाल्या. उद्धवरावांची काळपट. आणि तिची, कधी नव्हे ती, त्याहून काळपट.

वासंतीला एवढा आनंद झाला की ती नळ्या घेऊन तशीच डॉक्टरांच्या खोलीत शिरली. माझी नळी अशी आलीय म्हणजे बाटलीच नासकी आहे, तिने ठासून सांगितलं. डॉक्टरांनी पुण्याच्या दुकानदाराला फोन लावला. तो ऐकेचना, म्हणे बाटली ताजी आहे. शेवटी कुरकुरत शनिवारी नवी पाठवायला कबूल झाला.

शनिवारी सकाळपर्यंत बाटलीचा पत्ता नव्हता. डॉक्टर घड्याळाकडे बघत राहिले. मग त्यांनी उद्धवरावांची छाती तपासली, पोट दाबून बघितलं, जुना रिपोर्ट फाडला आणि दाखल्यावर सही केली. बाटलीच्या चुकीची शिक्षा या माणसाला कशाला, असं काहीतरी ते पुटपुटले.

दुपारी तीनला उद्धवराव पेढ्यांचा पुडा घेऊन हजर. त्याच टाकीवर कायम झाले होते. पहिला पेढा त्यांनी वासंतीपुढे धरला.

"ताई, तुमच्या रक्तानं माझी नोकरी वाचवली."

वासंतीने पेढा हातात घेतला, पण वासानंच पोटात ढवळलं. तिने तो हळूच टेबलावर ठेवला. तेवढ्यात पुण्याची बाटली आली. डॉक्टरांचा मूड छान होता. या खेपेला माझीही नळी लाव, ते म्हणाले, म्हणजे दुकानदाराला दोन साक्षीदार दाखवता येतील. उद्धवरावांनीही हसत दंड पुढे केला. आता कसली भीती, हवं तेवढं घ्या.

तीन नळ्या ओळीनं उभ्या राहिल्या. उद्धवराव बाकावर बसून धोंडीबाला पेढा भरवत होते.

वासंतीने आधी डॉक्टरांची नळी उचलली. पातळ मधासारखी, स्वच्छ. बाटली चांगली होती.

मग उद्धवरावांची. कोरा चहा.

स्वतःची नळी तिने खिडकीशी नेऊन आषाढातल्या उजेडात धरली. ती तिघांत सगळ्यात काळी होती. चैत्रात चूळ भरून थुंकलेलं ते रक्त तिला आठवलं. आणि ती धरणारा हात, हळद लागून पाच महिने उलटून गेले तरी, पिवळाच होता.