मदत चालू

बाबांची गाडी पुन्हा भिंतीवर आदळली. बॉनेट चेपलं, चाक निखळलं आणि पडद्यावरच्या शर्यतीतल्या बाकीच्या गाड्या भर्रकन पुढे निघून गेल्या. बाबांनी गेमचं स्टिअरिंग सोडून दिलं. पक्षाघातानंतर डावा हात त्यांचं ऐकेनासा झाला होता आणि डॉक्टरांनी खऱ्या गाडीला हात लावायचा नाही म्हणून बजावलं होतं. जन्मभर ट्रक चालवलेला माणूस, पण खेळातलं वळणही जमेना.

लेकीला ते बघवेना. बाबा चहाला उठले तशी तिने सेटिंग उघडलं आणि मदतीचे सगळे पर्याय गुपचूप चालू केले. आता गाडी आपोआप वळणार होती, ब्रेक आपोआप लागणार होता, आणि धडकली तरी तिला काही होणार नव्हतं.

पुढच्या शर्यतीत बाबा पहिले आले.

"बघितलंस? डॉक्टरला काय कळतंय!" कित्येक महिन्यांनी ते हसले.

"मग! हाडाचे ड्रायव्हर तुम्ही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दात घासत होती, तेव्हा आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "बाबांना पाहिलंस का गं? आणि गाडीची किल्ली खिळ्यावर नाहीये, तू घेतलीस?"