मिनूचा निरोप

"आई, आज तू इथंच बस," असं ऋतुजानं सांगितलं, म्हणून वच्छला पलंगाच्या काठावर बसून होती. माईकमध्ये घरघर जाते म्हणून कूलर बंद. गोळीबार चौकातली ती खोली मे महिन्याच्या दुपारी नुसती भाजत होती.

समोरच्या पडद्यावर मिनू होती. निळ्या केसांची, मांजरीच्या कानांची, चित्रातली मुलगी. कॅमेऱ्यासमोर ऋतुजा हसली की मिनू हसे, ऋतुजानं मान वळवली की मिनू वळवी. इंटरनेटवर थेट चालणारी गाणी, कोडी, गप्पा. हजारो लोक मिनूवर जीव टाकत; ऋतुजाला त्यांच्यातल्या कुणी कधी पाहिलं नव्हतं. रोज मिनूचा तो बारीक, लाडिक आवाज काढून ऋतुजा अलीकडे घरात कुणाशी बोलेनाशी झाली होती. ताटावर बसून हसून हसून दुखणारे गाल नुसते चोळायची.

आज तिनं आवाज बदललाच नाही.

"मी थकली," ती आपल्या भरड्या आवाजात म्हणाली. "मिनूले आज मी बंद करून राहिली."

पडद्याच्या कडेनं प्रश्न धो धो वाहू लागले. हा कुणाचा आवाज? आमची मिनू कुठे आहे?

"माझाच आवाज हाये. कर्णबधिर पोरायची शिक्षिका व्हाचं हाये मले. कोर्सले नंबर लागला."

पोरीच्या गालांवरून पाणी ओघळताना वच्छलाला दिसत होतं. ओठ मात्र तिनं हसतेच ठेवले होते, म्हणून पडद्यावर मिनूही हसत होती.

कुणीतरी लिहिलं, जाण्याआधी एकदा चेहरा दाखव. मग सगळेच तेच लिहू लागले. एक बटण दाबायचा अवकाश होता.

"नाई," ऋतुजा म्हणाली. "मागच्या आठवड्यात मी त्या पोरायच्या शाळेत गेली होती. एका लहान पोरीनं माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. त्यायले ऐकू येत नाई, तोंडाकडे पाहूनच समजते. माझा चेहरा तिथं लागते."

मिनूनं वाकून नमस्कार केला. पडदा काळा झाला.

वच्छलाला पुष्कळ बोलायचं होतं. एवढ्या लोकांना एवढं सरळ 'नाही' तिला स्वतःला जन्मात म्हणता आलं नसतं. ती उठली, लेकीचं ओलं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि आवाज न काढता, ओठ सावकाश हलवत म्हणाली, "जेवाले चाल."

ऋतुजानंही नुसते ओठ हलवले. वच्छलाला कळायला जरा वेळ लागला.

पोरगी विचारत होती, "भाजी कोणती?"