सुतारसरांचे शेरे

धाकट्या मुलीचं लग्न झालं त्या वर्षी सुताराला लोक ‘सर’ म्हणू लागले. सरकारने वस्तीतल्या शाळेला कार्यशाळा मंजूर केली होती. यंत्रं आली, लाकूड आलं, शिकणाऱ्या प्रत्येकाला दरमहा विद्यावेतन द्यायचं ठरलं. शिकवायला चाळीस वर्षं रंधा मारलेला माणूस हवा होता. तो मिळाला. त्याला लिहिता-वाचता येतं का, हे कोणी विचारलंच नाही. कानावर कायम पेन्सिल खोचलेल्या माणसाला असं कोण विचारणार?

पंचाईत महिनाअखेरीला झाली. प्रत्येक मुलाचा प्रगती-तक्ता शिक्षकाने स्वतःच्या हाताने भरायचा, खाली स्वतःच्या कामाविषयीही चार ओळी लिहायच्या. तक्ता गेल्याशिवाय विद्यावेतन सुटायचं नाही. सुताराला आकडे येत होते, सही येत होती. बाकी सगळा अंधार. त्याने तक्ते पिशवीत घातले आणि घरी बायकोपुढे ठेवले. ती चौथीपर्यंत शिकलेली. सबंध संसारात त्याने या गोष्टीची कधी दखल घेतली नव्हती.

“चष्मा सापडत नाहीये,” तो म्हणाला.

“कपाळावर आहे. बोला, काय लिहू?”

तो खुर्चीत रेलला. “लिही. ड्रायव्हरची मुलगी. हात जड, लक्ष नाही, दोन फळ्या वाया घालवल्या. नाव काढून टाकावं. आणि माझ्याबद्दल लिही, उत्तम शिकवतो.”

“लिहिलं,” बायको म्हणाली.

ड्रायव्हरच्या मुलीचं नाव काही निघालं नाही. ‘विद्यावेतन थांबलं की पोरीला घरी बसवीन,’ असं तिच्या बापाने सगळ्यांदेखत सांगून ठेवलं होतं. सुताराला वाटलं, सरकारी काम, होईल सावकाश. दर महिन्याला तो तिला काढत राहिला आणि दर महिन्याला ती येत राहिली. वर्षभरात तिचा रंधा असा सरळ चालू लागला की तिला काढायचं राहूनच गेलं. त्याचं श्रेय अर्थातच त्याने स्वतःला दिलं.

मग एक दिवस तपासणीला वरच्या कचेरीतून बाई आल्या. त्यांच्या हातात वर्षभराचे तक्ते होते. मुख्याध्यापक शेजारी उभे, मुलं भिंतीला ओळीने.

“इतका प्रामाणिक शिक्षक मी पाहिला नाही,” बाई म्हणाल्या आणि मोठ्याने वाचू लागल्या. “‘ही मुलगी समजूतदार आहे. दोन फळ्या वाया गेल्या त्या माझ्या चुकीच्या मापाने. विद्यावेतन चालू ठेवावे.’ आणि हे बघा. ‘या महिन्यात मी तीनदा विनाकारण ओरडलो. माझे गुडघे दुखतात, त्याचा राग मुलांवर निघतो.’ आणि हे, ‘करवत बोथट होती, पण ते कबूल करायला मला कमीपणा वाटला.’”

घरी जेवताना तो जे बडबडत असे, त्यातलं बायकोने काही म्हणजे काही वाया घालवलं नव्हतं. मुलांनी तोंडं दाबून धरली. ड्रायव्हरची मुलगी जमिनीकडे बघत होती, पण तिचे खांदे हलत होते.

“हे तुम्हीच लिहिलंय ना?” बाईंनी विचारलं.

नाही म्हणावं, तर सगळे तक्ते खोटे ठरणार आणि सगळ्यांचं विद्यावेतन अडकणार. हो म्हणावं, तर एवढी अब्रू बायकोने चार भिंतींतही कधी काढली नव्हती.

“मीच,” सुतार म्हणाला. “अक्षर तेवढं जरा बरं आलंय.”

घरी जाऊन भांडायची सोय नव्हती. भांडायला आधी चष्म्याचं खरं सांगावं लागलं असतं. त्याने दुसरा मार्ग धरला. पहिलीचं पुस्तक मिळवलं आणि हत्यारांच्या पेटीत, पटाशांच्या खाली लपवलं. पहिलीचा वर्ग पलीकडेच भरायचा. मुलं म्हणत तसं तो लाकडाला घासकागद लावता लावता पुटपुटायचा. मुलांना एक वर्ष लागलं. त्याला दोन.

वाचता येऊ लागल्यावर बायकोला रंगेहाथ पकडायचं, असा बेत होता. तिने भरलेल्या तक्त्यात पहिल्यांदा त्याने वाचलं ते, ‘मी स्तुती करायला कचरतो.’ तो बराच वेळ चिडून बसला. मग त्याला आठवेना, आपण शेवटची स्तुती कोणाची केली. त्याने चष्मा पुन्हा कपाळावर चढवला. वाचता येतं हे सांगितलं असतं, तर तिने लिहिणं थांबवलं असतं. पुढे वर्षभर तो तसाच खोटं सांगत राहिला, ती लिहीत राहिली आणि ती स्वयंपाकघरात गेली की तो चोरून वाचत राहिला. दुसऱ्या दिवशी कार्यशाळेत थोडा कमी ओरडायचा.

ड्रायव्हरची मुलगी त्याच कार्यशाळेत मदतनीस शिक्षिका म्हणून लागली, त्या हिवाळ्यात बायकोला धाप लागू लागली. तरी तक्ते तिने चुकवले नाहीत. मार्चअखेरच्या शनिवारी तिने शेवटचा तक्ता भरला, मिटून त्याच्या हातात दिला आणि आडवी झाली. त्याने खिडकीशी जाऊन वाचला.

‘मला आता वाचता येते. वर्षभर मी हे घरात लपवून ठेवले. पुढच्या महिन्यापासून तक्ते मी स्वतः भरीन.’

सोमवारी, एकतीस मार्चला सकाळी, बायको गेली.