शुभ्रा बोलत नाही

“शुभ्रा, बाहेर ये बघू आता. किती वेळ खेळायचं पाण्यात?”

विभावरी बाथरूमच्या दारावर टकटक करत होती. आत नळ धो धो वाहत होता. हॉलमध्ये बसलेल्या कावेरीच्या अंगावर सर्रकन काटा आला, कारण शुभ्रा तिच्या मांडीवर होती.

“विभा, अगं, ही इथे आहे.”

विभावरीने वळून पाहिलं. मुलीकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, मग आत जाऊन नळ बंद केला. “ऑफिसात फार काम पडतंय गं, ताई,” एवढंच म्हणाली आणि कारपूल चुकेल म्हणून पर्स शोधायला लागली. निघताना तिने रोजच्यासारखं मुलीला जवळ ओढलं, तिच्या कानात काहीतरी पुटपुटली आणि गेली.

कावेरीला दुबईजवळच्या अजमानला येऊन अकरा दिवस झाले होते. घाटकोपरच्या बालवाडीत बावीस वर्षं काढलेली बाई. घुम्या पोरांना बोलतं करण्यात तिचा हातखंडा. विभावरीने फोनवर “नको ताई, या उन्हात कशाला येतेस?” म्हणून पुष्कळ टाळलं होतं. पण तिच्या नवऱ्याने, सुजीतने, परस्पर व्हिजिट व्हिसा काढून पाठवला. आता बहीण बोलवत नाही आणि मेहुणा बोलावतो, हे जरा उलटंच होतं. पण भाचीसाठी कावेरीने मानपान बाजूला ठेवला.

काय झालं ते विभावरीने तिला एकदाच, एका दमात सांगितलं होतं. त्या वर्षी, १९९६च्या मार्चमध्ये, तिघं टांझानियाला गेली होती. अभयारण्यात नदीकाठी लॉज. लाकडी झोपड्या, खाली उतरायला पायऱ्या, समोर पाण्यात पाणघोडे. शेजारच्या झोपडीत दारेसलामचं एक कुटुंब होतं, आपल्यासारखेच इंडियन. त्यांचीही मुलगी पाच वर्षांची. दोघींची लगेच गट्टी जमली. चौथ्या दिवशी सकाळी बाकी सगळे जीपमधून सिंह बघायला गेले. विभावरीचं डोकं दुखत होतं, म्हणून ती मुलींना घेऊन मागे राहिली. मुली पायऱ्यांवर खेळत होत्या. ती गोळी घ्यायला आत गेली, तेवढ्यात मगरीने एकीला ओढलं.

“त्यांच्या मुलीला,” विभावरी म्हणाली होती. “शुभ्राने डोळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून वाचाच बसली.”

“अगं बाई! आणि मग?”

“जीप आली. ते लोक नदीवर धावले. आम्ही निघालो. हिला तापच भरला होता, शालीत गुंडाळून नेली.”

“त्या आईला भेटलीस तरी का?”

“कोणत्या तोंडाने भेटू, ताई?”

त्या अनोळखी बाईसाठी कावेरीचा जीव तुटला. आपली तरी जिवंत परत आली, असं मनात आलं आणि तिची तिलाच लाज वाटली.

परत आल्यावर अबुधाबीच्या घरात विभावरीला करमेना. सुजीतने नोकरी बदलली आणि ते अजमानला आले. इथे ओळखीचं कुणी नव्हतं. मुलगी दिवसभर खिडकीशी बसे. नावाने हाक मारली तरी मान वळवत नसे. कावेरीने तिला शेवटची पाहिली ती दीड वर्षाची असताना. तेव्हा गोबऱ्या गालाला छान खळी पडायची. आता पोर वाळली होती, आणि खळीचं म्हणाल तर हसल्याशिवाय ती दिसणार कुठून?

कावेरीने मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. गाणी म्हटली, गोष्टी सांगितल्या. मुलगी तिला बिलगायची, पण तोंडातून शब्द नाही.

“मी हिला मुंबईला नेते,” ती शुक्रवारी जेवताना म्हणाली. “चांगल्या डॉक्टरांना दाखवू. हिचा पासपोर्ट दे.”

“वेगळा नाहीये. माझ्याच पासपोर्टवर नाव आहे तिचं,” विभावरी म्हणाली. “आणि मला रजा नाही. खलास.” ताट तसंच टाकून ती उठली.

सुजीत आमटीत बोट फिरवत बसला होता. हा माणूस मुलीला कधी उचलून घेत नाही, हे कावेरीने पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. सावरला नसेल, म्हणून सोडून दिलं होतं.

“ताई, तुम्ही तिला बोलतं करा,” तो हळूच म्हणाला. “मग जे व्हायचं ते होऊ दे.”

“विभाला ते नकोय का रे?”

“तिला भीती वाटते.”

“कसली?”

“मुलगी बोलायला लागली की सगळं आठवेल, अशी.”

कावेरीला बहिणीचा संताप आला. आठवेल म्हणून काय लेकराला जन्मभर मुकं ठेवायचं? व्हिसाचे सहा दिवस उरले होते. हिचा एक शब्द ऐकल्याशिवाय विमानात पाय ठेवायचा नाही, असं तिने ठरवूनच टाकलं.

शनिवारी दोघं ऑफिसला गेल्यावर तिने बालवाडीतला जुना उपाय काढला. विचारायचं काही नाही. पोराच्या हाताला काम द्यायचं आणि आपण शेजारी बसून वाटेल ते बडबडत राहायचं. स्वयंपाकघरात फरशीवर बसून तिने मुलीला कणकेचा गोळा दिला, छोटं लाटणं दिलं. मुलगी लाटू लागली. पोळीचा नकाशा झाला. कावेरीच्या वर्गात निम्मी पोरं गुजराती, इतक्या वर्षांची जिभेची सवय, ती बोलून गेली, “जो, जो! केवी सरस रोटली बनावी!”

लाटणं थांबलं.

मुलगी तिच्याकडे बघत राहिली. ओठ थरथरले, डोळे काठोकाठ भरले. बोल गं माझ्या सोन्या, बोल. मनातल्या मनात तिने कुलदेवतेची ओटी बोलून टाकली.

मुलीने आधी बंद दाराकडे पाहिलं. मग पिठाचे हात कावेरीच्या गळ्यात टाकून ती तिच्या कानाशी लागली.

“मासी, शुभ्रा तो पाणीमां पडी गई. मने मारी बा पासे लई जाओ ने.”